दोन फोनांवरची पाटी

गोडादरा, सुरत
उत्तरायणानंतरचा रविवार

प्रिय गायत्री,

घरात दोन-दोन फोन पडलेले असताना तुझा बाप कागद घेऊन बसला, हे पाहून तू आधी घाबरशील. घाबरू नकोस. तुझी आई ठणठणीत आहे. शेजारच्या जयश्रीताईंकडे पापड लाटायला गेली आहे आणि गॅसवरच्या दुधाकडे लक्ष ठेवा म्हणून मला दोनदा बजावून गेली आहे. माझीही तब्येत बरी आहे. पत्र लिहितोय ते एवढ्यासाठी की सांगायचं लांबलचक आहे, आणि फोनवर मधेमधे नुसतं हो-हो म्हणायची माझी खोड तुला माहीत आहे.

दिवाळीत तू तुझा जुना आयफोन पाठवलास. मग दर रविवारी विचारत राहिलीस की आप्पा, दोन्ही फोनांवर आमचं पाटी ॲप उघडून बघितलं का, कसं वाटतं? आणि मी दर वेळी म्हणालो, छान आहे. पोरी, ती थाप होती. तुझा फोन मी तुझ्या आईच्या लग्नातल्या शालूच्या तुकड्यात गुंडाळून कपाटात ठेवला होता. पाटी माझ्या साध्या अँड्रॉइड फोनवरसुद्धा मी उघडली नव्हती. समोरच्या माणसाचं बोलणं अक्षरांत उमटवणारी पाटी कमी ऐकणाऱ्या लोकांसाठी आहे, तिचं माझ्याकडे काय काम, असं मी स्वतःला सांगत होतो. का सांगत होतो, ते पुढे येईलच.

भोगीच्या दिवशी तू फोनवर सांगितलंस की कंपनीतल्या तुझ्या दोघा भागीदारांचं, चेतन आणि स्वातीचं, मत पडलंय, जानेवारी संपला की अँड्रॉइडची पाटी बंद करायची आणि नुसती आयफोनची ठेवायची. आयफोनवाले पैसे भरतात, कौतुकाचे चार शब्द लिहितात, आणि तीन-चार फोनांवर तपासलं की काम झालं. अँड्रॉइडचे मात्र शंभर कंपन्यांचे शंभर फोन, प्रत्येकाचं दुखणं वेगळं, आणि नवीन घेतलेल्या एकाही इंजिनीयरला त्या कामाला हात लावायचा नाही. सुट्टीच्या दिवशी तू एकटीच ते ओढत बसतेस. हे सगळं तू हसत हसत सांगितलंस. पण तोंड हसत होतं आणि डोळे नव्हते हसत, एवढं मला ओळखता येतं. म्हणून ठरवलं, एकदा आपणच बघू या. चौतीस वर्षं लूमची दुरुस्ती केली आहे. दोन यंत्रं शेजारी शेजारी लावून कुठलं कसं चालतं ते बघणं हा माझा धंदाच आहे.

उत्तरायणाचे दोन दिवस कारखान्याला सुट्टी, खातं बंद होतं. सकाळीच दोन्ही फोन घेऊन गच्चीवर गेलो, टाकीच्या कठड्यावर शेजारी शेजारी मांडले आणि दोन्हींवर पाटी उघडली. सगळ्या गच्च्या पतंग उडवणाऱ्या माणसांनी भरलेल्या. आणि गायत्री, काय सांगू तुला! तुझ्या आयफोनवर अक्षरं अशी यायला लागली की हात जोडायचेच बाकी राहिले. लपेट, लपेट. ढील दे. ए भाई, मांजा संभाळ. उंधियूचं पातेलं कुठे ठेवलं? तीन गच्च्यांवरचं बोलणं माझ्या तळहातावर येऊन उभं राहत होतं. वाऱ्याचा आवाज काही तिने बोलणं म्हणून धरला नाही, पिपाणी वाजली तर कंसात पिपाणी असं लिहिलं. मी बराच वेळ पतंगांकडे बघितलंच नाही, मान खाली घालून आभाळातली गंमत वाचत बसलो होतो. ही माझ्या पोरीने केलेली वस्तू आहे, लिंबायतच्या म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत शिकलेल्या पोरीने, हे मनात चार वेळा म्हणून बघितलं तरी खरं वाटेना.

माझ्या नऊ हजारांच्या फोनवरची पाटी मात्र लंगडत होती. ओळ उमटायची ती पलीकडचा माणूस बोलून खाली उतरल्यावर. पडदा जरा काळा झाला की ती झोपायची, हलवून उठवावी लागायची. वीस मिनिटांत फोन तव्यासारखा तापला. तुझ्या चेतनचं खोटं नाही. वस्तू म्हणून बघितली तर आयफोनची पाटी सरस आहे. माझी आई आज असती आणि तिने विचारलं असतं तरी मी हेच सांगितलं असतं.

आता खरं सांगतो. मला ऐकू येत नाही, बाळा. आजकालचं नाही, नऊ-दहा वर्षं झाली. आधी घड्याळाची टिकटिक गेली, मग कुकरची शिट्टी, मग तू. तुझा आवाज माझ्याकडे दहावीतला आहे, फराकीतून साडीत गेलेल्या पोरीचा, निरोपसमारंभाला कुठली साडी नेसू म्हणून आईशी भांडणारीचा. त्यापुढचा माझ्याकडे नाही. कुणाला कळलं नाही, कारण आमच्या धंद्यात बहिरा माणूस ओळखूच येत नाही. खात्यात माग सुरू असले की कानाशी ओरडलं तरी ऐकू जात नाही, म्हणून सगळेच ओठांवरून आणि हातांनी बोलतात. दोन बोटं झटकली की धागा तुटला, मिशीला पीळ दिला की शेठ आला. पहिल्या वर्षीच माणूस ओठ वाचायला शिकतो. मी तेच घरी आणलं. तोंड समोर असलं की मी सगळं ऐकतो, दिवा गेला की बहिरा होतो. म्हणून मी तुझा साधा फोन कधी उचलत नाही, नेहमी व्हिडिओच लाव म्हणतो. लाज वाटायची. लूम दुरुस्त करणारा मास्टर आवाजावरून तिचा रोग ओळखतो, आणि ज्याला आवाजच येत नाही तो कसला मास्टर? मी फ्रेमवर तळहात ठेवून, थरथरीवरून ओळखत आलो.

गच्चीवरून खाली आलो तर तुझी आई ओट्याशी भाकरी थापत होती, माझ्याकडे पाठ करून. माझ्या फोनवरची पाटी सुरूच राहिली होती. तिच्यावर ओळ आली: सकाळपासून वर जाऊन बसलात, पोटात काही नाही. मग दुसरी: गायत्री लहान होती तेव्हा पतंगाची फिरकी तीच धरायची. मग तिसरी, चौथी. मी दाराच्या चौकटीला टेकलो. माझी भागीरथी बोलत होती. माझ्याशीच बोलत होती, आणि उत्तराची वाट न बघता पुढे जात होती. मला इतकी वर्षं वाटत होतं की ही वयामुळे अबोल झाली, स्वयंपाक करताना पूर्वीसारखी गप्पा मारत नाही. ती एक दिवस थांबलेली नव्हती, गायत्री. पाठ फिरवून नऊ वर्षं बोलत होती आणि मी मागे बसून पेपर वाचत होतो. तुझ्या पाटीला अहिराणी अजून झेपत नाही, सगळं शाळेतल्या बाईंसारखं शुद्ध करून लिहिते. पण मला वाचता वाचता तिचं खरं बोलणं कळत होतं. ह्या माणूसनं ध्यानच नही, हे ती कुठल्या सुरात म्हणाली असेल ते मला पाटीने शिकवायला नको. मी गुपचूप जाऊन तिच्या शेजारी उभा राहिलो आणि भाकरी उलटवली. ती माझ्याकडे बघतच राहिली.

सोमवारी फोन घेऊन खात्यासमोरच्या चहाच्या टपरीवर गेलो. आमच्या खात्यात लोटूचे कान माझ्याही आधी गेलेत, किसन अर्धा ऐकतो, बॉबिन भरणारी तारा एका कानाने. आणखी आठ जण असे आहेत. अकरा माणसं, अकरा अँड्रॉइड फोन, एकसारखे दोन नाहीत. सगळ्यांना पाटी घालून दिली. किसनच्या फोनात जागाच नव्हती, सुप्रभातची हजारभर चित्रं काढली तेव्हा ती आत मावली. लोटूच्या फोनवर काना-मात्रा अक्षरापासून सुटून लांब जाऊन बसतात. तरी त्याने वाचलं. किसन त्याच्या पाठीमागे उभा राहून इतकी वर्षं काय काय बोलतो ते त्या दिवशी लोटूला पहिल्यांदा कळलं, आणि त्याने त्याला अशा शिव्या घातल्या की तुझ्या पाटीने शब्दांच्या जागी नुसत्या चांदण्या काढून ठेवल्या. सगळे हसले. मग लोटूने फोन कपाळाला लावला, प्रसाद लावतात तसा. चहा गार झाला त्याचा.

तुझे इंजिनीयर अँड्रॉइडला का कंटाळतात ते मला समजतं. शेठने मागच्या गल्लीत नवं खातं टाकलंय. सगळे माग एका कंपनीचे, एका मापाचे, एक पाना घेतला की काम भागतं. शिकायला येणारा प्रत्येक जण तिकडे जायला बघतो. आमच्या जुन्या खात्यात चार कंपन्यांचे अठरा माग, एकाचा नट दुसऱ्याला लागत नाही, आडवा धागा नेणारा धोटा कधी उडेल सांगता येत नाही. तिथे कुणी येत नाही. पण साडी दोन्हीकडून निघते, आणि मी चौतीस वर्षं त्या अठरांपाशीच काढली. त्यांची दुखणी तोंडपाठ व्हायला वेळ लागतो, एकदा झाली की मग इतकं जड जात नाही. चेतनला म्हणावं, तपासायला तीस फोन नसतील तर हा मास्टर देतो. अकरा आत्ताच आहेत, बाकीचे महिन्याभरात जमवतो. या आठवड्यात प्रत्येक फोनवर पाटी कुठे अडते, किती वेळाने तापते, कुणाचा फोन आला की काय विसरते, ते सगळं मी वहीत लिहिलंय. वही सोबत पाठवतो. अक्षर वाईट आहे, पण दोष नीट लिहिलेत.

आता हे पत्र आजच का लिहिलं ते. काल संध्याकाळी, रविवारची वाट न बघता, तू त्या आयफोनवर फोन केलास. माझ्याशी बोलून झालं, मी फोन तुझ्या आईकडे दिला आणि खाटेवर जाऊन बसलो. हातात माझा तडकलेल्या काचेचा फोन होता. किती पावलांवरचं बोलणं पाटीला पकडता येतं, हे मला वहीत लिहायचं राहिलं होतं. तुझी आई नेहमीसारखी स्पीकर लावून बोलत होती. पहिली ओळ आली: आई, आप्पांना ऐकू येत नाही हे मला दहावीपासून माहीत आहे. मग फोन अडकला. तो नेमका नको तिथेच अडकतो, वहीत सातव्या पानावर आहे. मी अर्धं मिनिट त्या एका ओळीकडे बघत बसलो, आणि एवढं लांब अर्धं मिनिट मी कधी काढलं नाही. मग सगळ्या ओळी एकदम आल्या. पाटी मी त्यांच्यासाठीच केली, त्यांना कळू देऊ नकोस, त्यांना वाईट वाटेल. अँड्रॉइडची बंद पडली तरी त्यांचं अडू नये म्हणून आयफोन दिवाळीतच पाठवून ठेवला. आणि खाली तुझ्या आईचं उत्तर: मलाही माहीत आहे. माले बी ठाऊक शे, असं म्हणाली असणार ती. म्हणजे एका घरात तीन माणसं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होती. फोनवर तू कायम खिडकीकडे तोंड करून बसतेस, सावकाश बोलतेस, ओठ पूर्ण हलवतेस. मला वाटायचं, पुण्याची रीत लागली पोरीला. काल कळलं, आणि मी गच्चीवर जाऊन पोटभर रडलो. वाईट वाटून नाही, बाळा. एवढं मोठं काम माझ्यासाठी कुणी केलं असेल, हे माझ्यात मावत नव्हतं. पण आयफोन मी ठेवणार नाही. तो याच पार्सलात शालूच्या तुकड्यात गुंडाळून परत पाठवतोय. माझी सोय तू केलीस, लोटूची कोण करणार? जी पाटी त्याच्या हातात, तीच माझ्या हातात राहू दे, लंगडी का असेना. बंद करायची असेल तर माझीही बंद होईल, हे त्या दोघांना माझं नाव घेऊन सांग. आणि पुढच्या रविवारी फोन करशील तेव्हा हवं तिकडे तोंड करून, हवं तितक्या भरभर बोल. ओळ जरा उशिरा येईल. मी थांबेन.

दूध उतू गेलं आहे. तुझ्या आईला हे तू सांगू नकोस.

तुझाच,
आप्पा