आग्रा वगळून आखलेली आमची सहल

वसई,
२० सप्टेंबर १९९९

तीर्थस्वरूप शत्रुघ्नराव यांचे सेवेशी,

सदानंदचा साष्टांग नमस्कार. इकडे आम्ही दोघं ठीक. दीड दिवसाचे गणपती यथासांग गेले. तुमचा गुडघा ग्वाल्हेरच्या थंडीपूर्वी ताळ्यावर येवो आणि ताईंचा दमा निदान दसऱ्यापर्यंत गप्प बसो, ही प्रार्थना. हे पत्र कृपया जेवणानंतर वाचावे. मी ते संतापात लिहीत आहे, आणि माझ्यापायी तुमचं पित्त खवळावं अशी माझी इच्छा नाही. तुम्ही माझे थोरले साडू. एकाच सासुरवाडीचे मानपान (आणि अपमान) आपण दोघांनी सोसले, तेव्हा मन मोकळं करावं ते तुमच्यापाशीच.

झालं असं की, आषाढातल्या एका रविवारी आमच्या मीरानं भाजी निवडता निवडता सांगितलं की लग्नाला चोवीस वर्षं झाली, आता कुठंतरी जाऊ या. आगगाडीनं, खिडकीशी बसून, चार जुनी शहरं बघत. ताजमहाल बघायचा म्हणाली. आणि एकच अट घातली, की पंधरा दिवस ओट्यापुढे उभी राहणार नाही. मी तत्काळ होकार दिला. मी कोर्टातला बेंच क्लार्क, तारखा लावण्यात हयात गेलेली. त्याच संध्याकाळी रेल्वेचं वेळापत्रक आणलं, तांबडी पेन्सिल घेतली आणि कामाला लागलो. मीरा त्या रात्री गुणगुणत होती, हे मी मुद्दाम नमूद करतो, कारण हल्ली ती गुणगुणत नाही आणि त्याचा दोष माझ्यावर येतो आहे.

आता माझं तत्त्व ऐका. आमचं घर किल्ल्यापासून चालत दहा मिनिटांवर, हा आमचा अपराध. चिमाजीअप्पांनी वसई घेतली ती एकदाच घेतली. आमचे नातेवाईक दर सुट्टीत घेतात. बडोद्याचा माझा मावसभाऊ हर्षवर्धन चोवीस वर्षांत अकरा वेळा आला. अकराही वेळा त्याला किल्ला मीच दाखवला, अकराही वेळा त्यानं बुरुजावर उभं राहून 'इथून समुद्र दिसतो वाटतं?' असं विचारलं (समोर समुद्र होता), आणि जाताना सुकेळ्यांचे पुडे अशा हक्कानं पिशवीत भरले की जणू केळी त्यानं लावली होती. इंदूरच्या आत्याची मंडळी आली की सकाळी उठल्याबरोबर पापलेटाची चौकशी. मग मी पाचूबंदरला जायचं, आणि मीरानं साफ करायचं, तळायचं, वाढायचं. (मीरा किल्ल्यात येत नाही. तिला वेळ नसतो.) तेव्हा मी ठरवलं, आता आपली पाळी. ज्यांनी ज्यांनी आमच्याकडे मुक्काम ठोकला, त्यांच्या त्यांच्या गावी उतरायचं. देवाच्या कृपेनं पेशव्यांचे सरदार जिथं जिथं स्थिरावले, तिथंच आपलेही नातेवाईक स्थिरावले आहेत. इतिहासही बघून होईल आणि परतफेडही होईल.

यानुसार मार्ग आखला तो असा: बडोदा, नागदा, इंदूर, ग्वाल्हेर आणि परत. आग्रा वगळावं लागलं, कारण आग्र्यात आपलं कुणी नाही. जयपूरही तसंच. यावर मीरा इतकंच म्हणाली की नागद्यात ऐतिहासिक काय आहे? मी म्हटलं, जंक्शन आहे. शिवाय आमचे चुलतमामा आहेत, ते १९८७ साली काविळीच्या औषधासाठी आमच्याकडे तीन आठवडे होते आणि तीन आठवडे त्यांना मीरानं बिनतेलाचं वेगळं रांधून घातलं. असा माणूस नजरेआड करायचा? मीरा काही बोलली नाही. (अबोल्याला मी संमती समजतो. कोर्टात तसा प्रघात नाही, पण घरात आहे.)

मग मी रीतसर पत्रं धाडली, आणि इथून माझ्या संतापाला सुरुवात होते. हर्षवर्धननं कळवलं की नेमका नोव्हेंबरात घराला रंग काढायचा आहे, सामान अंगणात असेल. शत्रुघ्नराव, ज्या वर्षी आमच्या घराचं छप्पर उतरवलं होतं, त्या वर्षी हा गृहस्थ चार मुलांसह आला आणि ताडपत्रीखाली 'मजा येते' म्हणत सहा दिवस राहिला! त्याच्या रंगाला मी काय भीत होतो? इंदूरच्यांचं उत्तर तर फ्रेम करून लावण्यासारखं आहे. लिहितात, तुम्ही कशाला दगदग करता, भाऊबीज झाली की आम्हीच आठ दिवस वसईला येतो, मीरावहिनींच्या हातची पापलेटं खाऊन फार दिवस झाले. याला उलट्या बोंबा नाही तर काय म्हणावं? मी त्यांना काहीही कळवलेलं नाही. येऊ देत, दाराला कुलूप बघू देत आणि पायरीवर बसून किल्ल्याचा इतिहास एकमेकांना सांगू देत. चुलतमामा तेवढे या म्हणाले, पण कावीळ परत झाली आहे असंही म्हणाले. म्हणजे माझ्या ऐतिहासिक सहलीत आता नागदा आणि तुम्ही, एवढेच उरलात.

एवढं कमी म्हणून की काय, घरातच फितुरी झाली. पाचूबंदरची रोझलीन गेली पंधरा वर्षं आमच्या दारी मासळी घेऊन येते. अलीकडे ती टोपली उतरवून तास तास मीराशी बोलत बसते. परवा मी तिला मोठ्या कौतुकानं मार्ग वाचून दाखवला, तर ती म्हणाली, "भाऊ, लोकांच्या घरी जाऊन भाकऱ्याच थापायच्या तर येवढी रेल्वे कशाला पायजे? हितंच थापते ना ती!" मीरा हसली. माझ्या आखणीवर माझ्याच ओटीवर हसणं झालं! मी दोघींना समजावलं की पाहुण्याच्या घरी स्वयंपाकात हात लावणं याला काम म्हणत नाहीत, त्याला रीत म्हणतात. मागे तुमच्याकडे मुंजीला आलो तेव्हा मीरानं चार दिवस तिथलं स्वयंपाकघर सांभाळलं आणि किल्ला गच्चीवरून, पापड वाळत घालताना पाहिला, अशी तक्रार ती अजून करते. पण पाहिला ना?

असो. रिझर्वेशनचा फॉर्म मी स्वच्छ अक्षरात भरून दिला आणि गेल्या गुरुवारी मीराला स्टेशनवर धाडलं, कारण मला कोर्टातून सुट्टी नव्हती. ती बरोबर चार तासांनी परतली आणि तेव्हापासून तिची मुद्रा प्रसन्न आहे. तिकिटं दाखव म्हटलं तर नीट ठेवली आहेत म्हणते. सारांश, स्वाभिमानी माणसानं कुणाच्या दारी जाऊ नये, या मताला मी आलो आहे. तुमच्याकडे तर मुळीच येऊ नये असं वाटतं, इतका तुमच्याविषयी आदर आहे. ताईंना नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद. लोभ आटू देऊ नये.

आपला,
सदानंद

ता. क. चौदा नोव्हेंबरला सकाळी पोचतो. चार रात्री. स्टेशनवर कुणी न्यायला आलं तर बरं दिसेल.

ता. क. दुसरा. ताईंना ओझं नको म्हणून लिहितो, मीरा स्वयंपाकाचं सगळं बघेल. त्यांनी संकोच करू नये. पत्र टाकायला मीराकडेच देतो आहे.

ता. क. तिसरा, मीराकडून.

भावोजी, साष्टांग नमस्कार. पत्र वाचूनच टाकते आहे. ह्यांचा फॉर्म मी खिडकीपर्यंत नेला होता. पुढे दोनच माणसं उरली तेव्हा घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि रांगेतून बाहेर आले. रोझलीनच्या चर्चमधल्या बायका आग्रा-जयपूरला निघाल्या आहेत, त्यांच्यात माझं नाव घातलं. लॉजवर उतरायचं, जेवण बाहेर. हे पत्र पेटीत पडलं की ह्यांना सांगणार आहे. इंदूरची मंडळी आली तर हे घरी आहेतच. कुकरच्या शिट्ट्या किती ते कागदावर लिहून ठेवते.

आमची गाडी बारा नोव्हेंबरला दुपारी ग्वाल्हेरवरून जाते. मी उतरणार नाही. पाच मिनिटं थांबते म्हणतात, तेवढ्यासाठी ताईला फलाटावर घेऊन या. लग्न झाल्यापासून आम्ही दोघी भेटलो त्या कुणाच्या तरी कार्यात, आणि बोललो ते पोळ्या लाटताना, खाली बघून. मला तिचं तोंड बघायचं आहे. ती डबा करायला घेईल. करू देऊ नका.