बुधवारचा तास

सर, काल तुमचा बुधवारचा तास मरता मरता वाचला. तो कसा वाचला हे तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही, म्हणून लिहितो आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की आता माझेच विद्यार्थी केसांना कलप लावतात. पण काही बातम्या ज्याच्या त्यालाच द्याव्या लागतात.

आमच्या कॉलेजात हल्ली दर वर्षी एक संमेलन भरतं. डॉक्टर, नर्सिंग, फिजिओथेरपी, फार्मसी, जे जे कोणी आरोग्याचं काही शिकवतात ते सगळे एका सभागृहात जमतात आणि कसं शिकवावं हे एकमेकांना शिकवतात. तुमच्या वेळी ही सोय नव्हती. ज्याला विषय येतो त्याला शिकवताही येतं असं तेव्हा समजत, आणि त्याची फळं आम्ही भोगली, तुमचा अपवाद सोडून. आधी पोहे-जिलबी, मग दीपप्रज्वलन. वर पंखा असल्यामुळे समई पेटत नाही, आणि पंख्याचं बटण कुठे आहे हे कोणालाच ठाऊक नसतं. तेवढ्या वेळात माझ्यातला संस्कृतवाला मनातल्या मनात शांतिपाठ उरकून मोकळा होतो.

यंदा मात्र माझं लक्ष समईकडे नव्हतं. नवे डीन म्हणाले होते, की बुधवारी विद्यार्थी पेशंटच्या खाटेशेजारी स्टुलावर नुसते बसून राहतात, त्या तासाला आम्ही परीक्षेची तयारी घेऊ. नाहीतर संमेलनात सगळ्यांना दाखवा, लोकांना पटलं तर ठेवू. दाखवणार होती आमची एक तरुण लेक्चरर. ती माझी विद्यार्थिनी, म्हणजे नात्यानं तुमची नात. हल्ली तो तास तीच घेते. मी अध्यक्ष, म्हणजे हातात घंटी घेऊन बसलेला माणूस.

मला पहिला बुधवार आठवतो. वडिलांनी लहानपणापासून संस्कृत घोटून घेतलेलं, त्यामुळे पाठांतर हा माझा कुलधर्म. खाटेवर अशोका गार्डन वस्तीतले एक वयस्कर शिंपी बसलेले आहेत आणि मी प्रश्न विचारतो आहे, खोकला, ताप, भूक, सगळे ओळीनं, आचमन केल्यासारखे. त्यांचं उत्तर अर्ध्यावर येतं तोवर माझा पुढचा प्रश्न तयार. तुम्ही मागून येता. “काय बे पंडित, झालं पारायण? आता तोंड मिट अन् बस त्या स्टुलावर. हात मांडीवर. त्यांचं संपेपर्यंत तुझं सुरू नाही करायचं.” आणि तुम्ही खिडकीकडे तोंड करून उभे राहता. मी बसतो. जीभ शिवशिवते. म्हातारबुवा आधी माझ्याकडे बघतात, मग छताकडे. “बेटा, घर पटरी से लगा हुआ है। रात भर गाड़ियाँ गिनता हूँ।” पुन्हा गप्प. मला वाटतं, संपलं. मी तोंड उघडतो, तुम्ही पाठमोरेच खाकरता. मग ते म्हणतात, “बैठे-बैठे। लेटूँ तो दम घुटता है।” हृदय थकलेल्या माणसाला आडवं होता येत नाही, हे वाक्य मला पानासकट पाठ होतं. बाहेर आल्यावर तुम्ही विचारलंत, “हे पुस्तकात आहे ना? मग विचारलं का नाही?” मी म्हणालो, “सर, ते पुढे येणार होतं, नवव्या क्रमांकावर.” तुम्ही इतके हसलात की सिस्टर दारातून डोकावल्या.

त्यानंतरच्या रविवारी तुम्ही मला नेहरू नगरच्या घरी जेवायला नेलंत. काकू स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होत्या, आणि तुम्ही मोठ्या अभिमानानं तो किस्सा त्यांना सांगत होतात. त्या लाटणं न थांबवता मला म्हणाल्या, “वॉर्डात सगळ्यांचं ऐकतात हे. घरी आले की कान खुंटीला टांगतात. दोनदा सांगितलं कोथिंबीर आणा. आणली का विचार.” तुम्ही म्हणालात, “तू पेशंट हो, मग ऐकतो.” “झालेच आहे मी, तुमच्याच पायी,” असं म्हणून त्यांनी माझ्या पानात तिसरी पोळी टाकली. एका गुरूचं माहात्म्य आणि त्याची मर्यादा एकाच पंगतीत कळावी, हे भाग्य फार थोड्या शिष्यांना लाभतं.

तर काल. आमच्या लेक्चरर पोरीनं स्टेजवर दोन खुर्च्या मांडल्या. पेशंट म्हणून कोणीतरी या, म्हणाली. आमचे सर्जरीचे प्रोफेसर उत्साहानं उठले. खुर्चीत बसले, पोट धरलं आणि सुरू झाले: “डॉक्टर साहब, कल से दर्द है। नाभि के पास शुरू हुआ, फिर नीचे दाहिनी तरफ़ आ गया। भूख बंद, हल्का बुखार। ऑपरेशन आज ही करेंगे न?” सर, सभागृह हसून हसून कोसळलं. रोग, निदान आणि उपचार पेशंटच सांगून मोकळा झाला; ऐकणारीनं ऐकायचं काय? मग नर्सिंगच्या एक ज्येष्ठ मॅडम आल्या. त्यांनी आपलं ब्लड प्रेशर सांगून सुरुवात केली. शिकवणाऱ्या माणसाला आजारीसुद्धा नीट पडता येत नाही. तो आजाराचंही लेक्चर देतो. लोक डोळे पुसत होते. डीननी हसत हसत घड्याळाकडे पाहिलं. “चलिए, प्रयास अच्छा था।” पोरीचा चेहरा उतरला. हातातला माईक कुठे ठेवावा हेही तिला सुचेना.

घंटी वाजवायची वेळ झाली होती. मी ती टेबलावर ठेवली आणि जाऊन तिच्यासमोरच्या खुर्चीत बसलो. नाटक ठरवूनच गेलो होतो: गुडघा. आमच्या वयाला शोभतो आणि कोणाला संशय येत नाही. “घुटना दुखता है,” मी म्हणालो. ती गप्प. हात मांडीवर. मी म्हणालो, “सीढ़ियों पर ज़्यादा।” ती गप्प. सर, त्या खुर्चीत मी आयुष्यात पहिल्यांदाच बसलो होतो; समोरचा माणूस खरोखर वाट बघतो आहे म्हटल्यावर खोटं किती लवकर संपतं, याची मला कल्पना नव्हती. मग माझ्या तोंडून निघालं, “बायाँ कान तो गया समझो। दाएँ से काम चलाता हूँ।” कोणीतरी हसलं. “बच्चे कहते हैं, सर, धड़कन में आवाज़ आ रही है। मैं भी स्टेथोस्कोप लगाता हूँ। कुछ नहीं आता। तो दूसरे बच्चे से कहता हूँ, अब तुम सुनो।” आता कोणी हसत नव्हतं. “सब कहते हैं, सर बड़े धैर्य से सुनते हैं। धैर्य नहीं है, बेटा। बात पहुँचने में देर लगती है।” ती तरीही थांबली. तेव्हा शेवटचं आलं: “किसी को बताया नहीं। लगता है, पढ़ाना छूट जाएगा।”

त्यानंतर मीच उठलो, कारण कोणीतरी उठणं भाग होतं. टाळ्या झाल्या. तास ठेवावा का, असं डीननी विचारलं तेव्हा हात वर गेले. सर्जरीवाल्यांचा सगळ्यात उंच. “ठीक है, इस साल रहने देते हैं,” डीन म्हणाले. प्रशासनाच्या भाषेत हा आशीर्वाद समजायचा. मी माईकवरून सगळ्यांना सांगितलं, की हा तास माझा नाही, माझ्या सरांचा आहे, आणि तुमचं नाव घेतलं.

चहाच्या वेळी सर्जरीवाले पाठीवर थाप मारून म्हणाले, “यार, तुम्हें तो नाटक मंडली में होना था।” मी नम्रपणे मान लववली. ते गेल्यावर पोरगी आली. डावीकडून आली होती, ती माझ्या मागून वळसा घालून उजवीकडे येऊन उभी राहिली. “सर, मेरी एक सहेली कान की जाँच करती है, जवाहर चौक में। आप कहें तो शनिवार को साथ चलूँ?” मी म्हणालो, “अरे, वो तो अभिनय था।” तिनं कप खाली ठेवला, हात एकमेकांत गुंफले आणि थांबली. सर, तुमच्या विद्येला काही दया-माया नाही. बराच वेळ तग धरला मी, मग विचारलं, “कितने बजे?”

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं. तुम्ही खिडकीकडे तोंड करून ऐकलंत असं मी धरून चालतो. शनिवारी जाणार आहे. बायकोला मात्र भाजी आणायला जातो असं सांगितलं आहे.