दोन्ही मजल्यांना एकच नंबर

सोमवार, ३ ऑक्टोबर १९९४. क्रॉयडन.
आजपासून मी आमच्या विमा ऑफिसचा नेटवर्क मॅनेजर. हुद्दा अजून क्लेम्स क्लार्कचाच आहे, पण वस्तुस्थिती ही. मीटिंगमध्ये आमचे साहेब मिस्टर ब्रॅडशॉ यांनी विचारलं, हे कोण बघेल? मी हात वर केला. दुसऱ्या कुणीच केला नाही. यावरून काय ते समजावं.

काम किरकोळ. खाली क्लेम्स, वर अकाउंट्स. खालचे कॉम्प्युटर आपसात बोलतात, वरचे आपसात बोलतात, पण खालचे-वरचे एकमेकांशी बोलत नाहीत. त्यासाठी राउटर नावाचा डबा आणलाय. तो मध्ये बसवायचा. उद्या लंचपर्यंत उरकेल.

अलकाला तिकडे लांब वेल्समध्ये, कार्डिफच्या हॉस्पिटलात कन्सल्टंटची पोस्ट मिळाली. आज पत्र आलं. जेवताना म्हणाली, तुमचं काय ते मला चौदा तारखेच्या शुक्रवारपर्यंत सांगा. म्हटलं, उद्या लंचनंतर विचार करतो. एवढी मोठी डॉक्टर, पण नवऱ्याची परवानगी मागते. मनातून बरं वाटलं.

मंगळवार, ४ ऑक्टोबर
मॅन्युअलप्रमाणे प्रत्येक मजल्याला एक नंबर द्यायचा. यावरून जुंपली. खालचा कीथ म्हणाला, तळमजला आधी येतो, म्हणजे पहिला नंबर क्लेम्सचा. वरची मॉरीन म्हणाली, कीथच्या मागे दुसऱ्या नंबरावर उभं राहायची अकाउंट्सला हौस नाही. गेल्या ख्रिसमस पार्टीपासून दोघांचा अबोला आहे. मी शांतपणे दोन्ही मजल्यांना पहिला नंबर देऊन टाकला. नो फेव्हरिटिझम. अशी माणसं युनायटेड नेशन्समध्ये हवीत.

कनेक्शन मात्र लागलं नाही. डबा सदोष असावा. लंचही बुडालं.

गुरुवार, ६ ऑक्टोबर
डबा बदलून आणला. नवाही सदोष. की केबल? दिवसभर टेबलांखाली. पँट गुडघ्यावर फाटली. कीथला विचारलं, केबलवरून खुर्ची फिरवतोस का? म्हणाला, खुर्ची फिरवायलाच असते. किटलीवर नोटीस लावली: टेस्टिंग चालू असताना चहा करू नये. खाली कुणीतरी लिहिलं, मग कधी करावा?

संकल्प: कुणावरही ओरडायचं नाही.

अलका म्हणाली, शनिवारी कार्डिफला घरं बघायला येता का? म्हटलं, अशा वेळी मी क्रॉयडन सोडलं तर ऑफिस कोसळेल. या बायकांना टायमिंग कळत नाही.

शनिवार, ८ ऑक्टोबर
अलका एकटीच गेली. मी मॅन्युअल उघडलं. चौथ्या पानावर डोळा लागला. मग घरात नुसत्या येरझाऱ्या. तिला नको म्हटलं तर बिचारी हिरमुसेल. हो म्हटलं तर ब्रॅडशॉचं काय? सगळ्यांचा भार माझ्यावर. चहा दोनदा केला, दोनदा विसरलो.

सोमवार, १० ऑक्टोबर
हेल्पलाइनला फोन. बराच वेळ पियानो ऐकवला, मग न्यूकासलकडचा माणूस आला. त्याने विचारलं, दोन्ही मजल्यांना एकच नंबर दिलाय का? मी अभिमानाने हो म्हटलं. त्याने तोच प्रश्न पुन्हा विचारला. मग समजावायला लागला. गावातल्या दोन रस्त्यांना एकच नाव दिलं तर पोस्टमन पहिल्याच रस्त्यावर घर शोधत बसतो. तसा खालचा कॉम्प्युटर वरच्याला खालीच शोधतो, डब्यापर्यंत जातच नाही. एका मजल्याचा नंबर बदला.

त्याचा अ‍ॅक्सेंट फार जड, त्यामुळे अर्धंच कळलं. शिवाय बदलायचा तर कुणाचा? त्याला सांगायला काय जातंय? मॉरीनला तोंड मला द्यायचंय.

बुधवार, १२ ऑक्टोबर
नंबर सोडून सगळं बदलून पाहिलं. झोप नाही, ढेकर फार.

ऑफिसची शिस्त पार गेली. कनेक्शन नाही म्हणून मॉरीन फायली फ्लॉपीवर घेऊन खाली कीथकडे येते. आज तो तिची फ्लॉपी परत द्यायला वर गेला, आणि हातात चहाचे दोन कप. जिन्यात हसणं. ब्रॅडशॉने विचारलं, कुठवर आलंय? म्हटलं, निर्णायक टप्पा. तर तो माझ्या टेबलावरच्या क्लेम्सच्या ढिगाबद्दल बोलायला लागला. माणसाला व्हिजन नाही.

अलकाने पुन्हा विचारलं. म्हटलं, शुक्रवार म्हणजे शुक्रवार, घाई करू नकोस. ती इस्त्री करायला गेली.

गुरुवार, १३ ऑक्टोबर
मॉरीनने विचारलं, नक्की अडलंय कुठे? अडखळत सांगितलं. म्हणाली, मग आम्हाला दुसरा नंबर दे की, लव्ह (ही सगळ्यांनाच लव्ह म्हणते), तो कुणाला दिसतोय? दिला. तिचा चहा संपायच्या आत दोन्ही मजले बोलायला लागले.

माझ्या वाटाघाटींना यश. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. दुपारी मॉरीन पुन्हा फ्लॉपी घेऊन खाली निघालेली दिसली. म्हटलं, आता गरज नाही. म्हणाली, माहीत आहे.

उद्याचा प्लॅन: ब्रॅडशॉला सांगायचं, कदाचित मला जावं लागेल. तो हादरेल. पगारवाढ देईल, हुद्दा देईल. मग कुणाला निराश करायचं ते मी ठरवीन.

शुक्रवार, १४ ऑक्टोबर. दसरा.
सकाळी स्क्रूड्रायव्हरला हळदकुंकू वाहिलं आणि तो खिशात घालून ऑफिसला गेलो. ब्रॅडशॉला सांगितलं. तो उठला. वाटलं, दार लावून घेणार. त्याने हात मिळवला. कार्डिफ छान आहे म्हणाला. महिनाअखेर चालेल का? तेवढा क्लेम्सचा ढीग उपसून जा.

घरी अलका पुऱ्या तळत होती. मी जाहीर केलं, तुझ्यासाठी नोकरीवर पाणी सोडलं. कळव त्यांना, माझी परवानगी आहे. तिने पुरी उलटली. म्हणाली, मी पत्र आलं त्याच दिवशी हो कळवलंय. म्हटलं, मग दोन आठवडे मला काय विचारत होतीस? म्हणाली, मी जाऊ का, असं कधी विचारलंच नव्हतं. तुम्ही येताय का, एवढंच विचारत होते. नसता आलात तर म्हणून एका माणसापुरता फ्लॅटही बघून ठेवलाय. श्रीखंड वाढू?

घाबरलो. खरंच घाबरलो. येतो म्हटलं. आवाज इतका बारीक निघाला की तिला ऐकूच गेला नाही. पुन्हा म्हणावं लागलं.