मोखाड्याचा कागद

मामंजी,

तुमच्याशी मी उभ्या जन्मात एकदाही सरळ बोलले नाही. नऊ वर्षं आपण एका घरात राहिलो, एकाच कोटाला तुम्ही शिवण घातलीत आणि मी काज केले, पण सुनेने सासऱ्यापुढे तोंड उघडायचं नाही ही आपल्या घरची रीत. मधे सासूबाई असायच्या. तुम्ही पुढच्या खोलीतून, म्हणजे दुकानातून, म्हणायचात, "सूनबाईंना म्हणावं, बाहीचे काज राहिलेत." मी चार हातांवर दाराआड बसलेली, सगळं ऐकलेलं असे. तरी सासूबाई तेच मला पुन्हा सांगायच्या आणि माझं उत्तर तुम्हाला पोचवायच्या. कधी वैतागून म्हणायच्या, "मी काय दोघांची टपालवाली आहे?" तुम्ही हसायचात, मी पदरात हसायचे. आता सासूबाई गेल्या, तुमचे चिरंजीवही गेले. मधे कुणी उरलं नाही, म्हणून लिहायला बसले.

माझ्या पहिल्या दिवाळीला तुम्ही मला पितळी अंगुस्तान दिलं होतंत, सुई बोचू नये म्हणून बोटात घालायचं. सुनेला साडी देतात, तुम्ही अंगुस्तान दिलंत. मी मनात थोडी नाराज झाले होते, खोटं कशाला बोलू. पण जव्हारच्या पावसाळी गारठ्यात जाड खाकी कापडाला दिवसभर काज करताना त्याचं मोल कळलं. तरीही डाव्या हाताचं बोट टोचून टोचून काळं पडायचंच. तेव्हा मला माहेरची आठवण यायची. माझे वडील नाशकात कापडाच्या पेढीवर दिवाणजी होते. पेढीच्या ओसरीवर एक शिवणाचं मशीन होतं, लहानपणी मी त्याचा दांडा फिरवून पाहिला होता. वडिलांनी मला मोडी शिकवली तीही तिथेच, जुन्या हुंड्या पुढ्यात टाकून. त्या मशीनचा आवाज माझ्या कानात बसला होता. हे तुम्हाला कुणी कधी सांगितलं नसेल.

मग त्या आषाढात जव्हारच्या राजांच्या दरबारातून निरोप आला, दसऱ्याला शिपायांना तीस नवे कोट हवेत, काम तुम्हाला देऊ, पण शिवण मशीनची पाहिजे. तुम्ही आत आलात आणि पाणी न पिता बसून राहिलात. मशीनला शंभर रुपये लागणार होते आणि आपली पत तेव्हा चांगली नव्हती. का नव्हती तेही बाजाराला ठाऊक होतं. तुम्ही एका दोस्ताला जामीन राहिला होतात, तो रातोरात डहाणूकडे निघून गेला आणि त्याचं कर्ज तुमच्या गळ्यात पडलं. तुम्ही ते पै न् पै फेडलंत, फक्त वर्षभर उशिरा. फेडलं हे बाजार विसरला, उशीर तेवढा लक्षात ठेवला. लोकांची स्मरणशक्ती अशी सोयीची असते!

दुसऱ्या दिवशी तुम्ही धुतलेली पगडी बांधून निघालात आणि एका सकाळीत तीन पेढ्या फिरलात. पहिल्या शेठने "उद्या बघू" म्हटलं. दुसऱ्याकडे पोचायच्या आधीच पहिल्याची खबर पोचली होती. तिसऱ्याने चहा पाजला आणि म्हणाला, "दोघांनी नाही म्हटलंय, म्हणजे काहीतरी असेलच ना?" तुम्ही परत आलात तेव्हा दाभोसा गावचा एक म्हातारा बंडीच्या मापाला बसला होता. तो म्हणाला, "शिंपीदादा, तीन दारांना गेलास, ती तिन्ही दारं आपसात बोलली. एकाच दाराशी बसून राहाया पायजे होतं. दार उघडलं नाय तरी उंबरा ओळखीचा होतो." तुम्ही त्याचं माप दोनदा घेतलंत, मला फटीतून दिसलं.

अडला हरी गाढवाचे पाय धरी, तसं मग मोखाड्याचं झालं. तिथे तुम्हाला ओळखणारं कुणी नाही म्हणून तुम्ही पावसात चालत गेलात. कचेरीबाहेर अर्ज लिहिणारा एक गृहस्थ भेटला. त्याला सगळं ठाऊक होतं, पत मोडलेल्या माणसाचा वास अशा लोकांना लांबून येतो. "बाजारात नाही म्हटलंय ना तुम्हाला? काही हरकत नाही, आमचा शेठ मागचं विचारत नाही," असं त्याने सांगितलं आणि लिहिणावळीचे दोन रुपये आधीच घेतले. दुसऱ्या खेपेला शेठचा मान म्हणून आणखी तीन घेतले. सासूबाई म्हणाल्या, "कर्ज मिळायच्या आधीच पैसे द्यायचे, हे कुठलं शास्त्र?" तुम्ही म्हणालात, "अगं, जो मागचं विचारत नाही तो माणूस चांगलाच असणार."

तिसऱ्या खेपेला तुम्ही मोडीत लिहिलेला कागद घरी आणलात. अंगठा करायच्या आधी घरात दाखवतो म्हणालात, तर तो गृहस्थ हसला होता. "न्या की. तुमच्यात वाचणार कोण?" हे तुम्ही जेवताना सांगितलंत आणि तुम्हालाही हसू आलं. मग दाराकडे बघून म्हणालात, "सूनबाईंना मोडी येते ना? एकदा नजर घालायला सांग." सासूबाईंनी कागद माझ्या हातात दिला. चुलीच्या उजेडात मी तो बराच वेळ धरला. मग सासूबाईंना म्हटलं, "अक्षर फार गिचमिड आहे. लागत नाही." त्यांनी तुम्हाला तेच सांगितलं. "असू दे," तुम्ही म्हणालात, "कचेरीतल्या लोकांचं अक्षर तसंच असतं." सकाळी कागद दुमडून पगडीत खोवलात आणि गेलात.

कागदात शंभर रोख पावले असं लिहिलं होतं. हातात पडले ऐंशी, वीस मनोतीचे, म्हणजे कर्ज देण्याच्या मोबदल्याचे, म्हणून आधीच कापले. ती तूट भरायला सासूबाईंचे चांदीचे तोडे गेले. व्याज तुम्हाला तोंडी वर्षाचं सांगितलं होतं, कागदात ते महिन्याचं होतं, दर रुपयाला आणा. आणि एक हप्ता चुकला तर मशीन, कात्री, इस्त्री, सगळं शेठचं. कापलेले वीस लगेच कळले, बाकीचं सगळं आपल्याला कळलं ते पुढच्या वर्षी, जप्ती आली तेव्हा.

पण त्याआधीचं वर्ष मी कसं विसरू? श्रावणात मशीन आलं. तुम्ही त्याला हळदकुंकू वाहिलंत आणि सासूबाईंना म्हणालात, "सूनबाईंना म्हणावं, पहिला टाका त्यांनी घालावा." मी दांडा फिरवला. तुम्ही पाठमोरे उभे राहिलात, म्हणजे मला संकोच नको. तीस कोट दसऱ्याच्या चार दिवस आधी झाले. पैसेही वेळेवर मिळाले, ते हप्त्यांत भरले आणि, मागून कळलं तसं, सगळे व्याजात गेले. मुद्दल होतं तिथेच राहिलं. पुढच्या पावसाळ्यात कुणाच्या अंगावर नवा सदरा चढेना, आणि एक हप्ता चुकला.

जप्तीचे लोक मशीन उचलत होते तेव्हा तुम्ही फक्त कात्री मागितलीत. "ही माझ्या बापाची आहे," म्हणालात. त्यांनी कागदाकडे बोट दाखवलं. नंतर उसन्या कात्रीने तुम्ही बंड्या शिवत राहिलात आणि पुढच्या पाच वर्षांत हळूहळू वाकत गेलात. मी त्या रात्री जेवले नाही. तेव्हा तुम्ही दाराशी येऊन, पहिल्यांदाच सासूबाईंना मधे न घेता, भिंतीकडे तोंड करून म्हणालात, "तुझा काही दोष नाही, पोरी. अक्षरच तसं होतं." तरी मी बोलले नाही. रीत होती ना!

आता माझी दृष्टी अधू झाली आहे, पण गल्लीतले लोक अजून कागद माझ्याकडेच आणतात. काल शेजारची सून आली. नवऱ्याला कुणी उधार देत नाही, म्हणून एक परका माणूस पैसे द्यायला तयार झाला होता. मी तिला ओळ न् ओळ वाचून दाखवली, बोट ठेवून. कापून घ्यायची रक्कम दाखवली, महिन्याचं व्याज दाखवलं, आणि अंगठा करू नको म्हणाले. ती रडली, मला थोडी रागावलीही, पण कागद घेऊन परत गेली. जाताना म्हणाली, "आजी, तुमच्या वेळी असं वाचून दाखवणारं कुणी असतं तर तुमचं दुकान राहिलं असतं, नाही का?" मी हो म्हटलं. माझ्या पोरांना, नातवंडांना, सगळ्यांना मी असंच सांगत आले आहे, की अक्षर लागत नव्हतं, आणि लागलं असतं तरी सुनेला बोलायची मुभा कुठे होती. सासूबाई हाताच्या अंतरावर बसल्या होत्या, हे मी कुणाला सांगत नाही.

हे पत्र मी कुणाकडून पाठवणार, आणि कुठे? अंगुस्तान ठेवलंय त्या डब्यात घडी करून ठेवीन. अंगुस्तान आता बोटात जात नाही, सांधे सुजलेत.

अक्षर सुरेख होतं, मामंजी. छापल्यासारखं. मला पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळं लागलं होतं, महिन्याचं व्याजही आणि कात्रीही. मी वाचून दाखवलं असतं तर तुम्ही अंगठा केला नसतात, आणि मशीन आलं नसतं. मला ते मशीन हवं होतं.