कपाट क्रमांक दोनची किल्ली

मी, खाली सही करणार, वय वर्षे चौपन्न, एका वकीलसाहेबांकडे सव्वीस वर्षे कारकुनी केलेला, कायदा टाइप करता करता शिकलेला, आज पूर्ण शुद्धीवर, कोणाच्याही दडपणाविना आणि चष्मा लावून हे मृत्युपत्र लिहीत आहे. खाडाखोड एकही नाही, मोजून पाहावी.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक पत्नीस. यात वाद नको.

२. टाइपरायटर मुलीस. ‘ळ’ची कळ अडकते, जोरात दाबावी.

३. पुतण्या पदवीधर वकील आहे आणि अशिलांच्या भानगडी चारचौघांत तिखटमीठ लावून सांगतो. मी म्हणालो, “अरे, अशील विश्वासाने बोलतो आपल्यापाशी!” तर म्हणतो, “काका, नाव कुठे घेतलं मी? फक्त गल्ली सांगितली.” त्यास माझी डिंकाची बाटली, भरलेली. वापर तोंडापुरता करावा.

४. कपाट क्रमांक दोन. अशिलांनी परत न नेलेल्या एकतीस फायली साहेबांनी आठ वर्षांपूर्वी, वारण्याआधी, माझ्या स्वाधीन केल्या. ज्याची फाइल त्यालाच, सही घेऊन द्यावी. मालक न सापडल्यास न वाचता जाळावी.

यांत माझ्या मेहुण्याची फाइल आहे की नाही, हे मी लिहिणार नाही. त्याला साहेबांच्या जिन्यावरून उतरताना पत्नीने पाहिले, तेव्हापासून रोज विचारते, “माझा सख्खा भाऊ! काय करून बसलाय तो?” मी म्हणतो, “कोण भाऊ?” मग भांडी आपटतात. कालही म्हणाली, “मेल्यावर तरी सांगाल का?”

“लेखीसुद्धा नाही,” मी म्हणालो.

५. किल्ली. चुकीच्या हाती पडली तर एकतीस घरांचे वाभाडे निघतील, म्हणून वर्षभर मला झोप नाही. पुतण्या म्हणतो, “मी वकील आहे, मला द्या.” मेहुणा म्हणतो, “भावोजी, मला द्या, एका मित्राचं काम आहे.” पत्नीचे नाव तर मी विचारातही घेतले नव्हते.

फायली मी तपकिरी दोऱ्याने बांधतो, गाठ डावीकडे. गेल्या मंगळवारी, यादीसाठी, आठ वर्षांत प्रथमच कपाट उघडले. एका फायलीचा दोरा काळा, गाठ उजवीकडे, वर धुळीचा थर. फाइल कोणाची, ते लिहिणार नाही. काळा दोरा घरात फक्त पत्नीच्या शिवणाच्या डब्यात असतो.

म्हणजे बाईने सगळे केव्हाच वाचले. आणि ना भावाला, ना मुलीला, ना मला, एका शब्दाने बोलली नाही. वर मला संशय येऊ नये म्हणून रोज विचारत राहिली. इतके चोख मलाही जमले नसते.

फाइल उघडल्याबद्दल तीव्र नापसंती नोंदवतो. किल्ली पत्नीस. ती कुठे असते, हे तिला सांगण्याची गरज नाही.

साक्षीदारांच्या सह्या मजकूर झाकून घेतल्या. पहिल्या प्रतीच्या वेळी साक्षीला आलेल्या शिंपीदादांनी मजकुरावरचा कागद उचलला व “डिंक झकास!” म्हणाले, सबब ती प्रत फाडली. ही दुसरी.

साक्षीदार:
१. घड्याळे दुरुस्त करणारे, नाक्यावरचे (सही)
२. शेजारचे निवृत्त मास्तर, चष्मा घरी ठेवून आलेले (सही)

दिनांक: १७ जून, दुपारी चार वाजून दहा मिनिटे.
ठिकाण: स्वयंपाकघरातील टेबल. पत्नी पलीकडच्या खोलीत शिवत बसली आहे. काय लिहितोय, असे दोनदा विचारून झाले.

(सही)