इंग्रजीच्या पेपराला जाताना

दीपे,

मी पेपराला चालले. तुला मुद्दामच उठवलं न्हाय.

काल संध्याकाळी मी एवढंच म्हटलं होतं, की जरा नाउन, वर्ब, ॲडजेक्टिव्ह विचार आणि सिमिली-मेटाफरमधला फरक समजावून सांग. तू माझी वही तुझ्या कॉलेजच्या मैत्रिणींना वाचून दाखवलीस. मी 'ब्युटिफुल'ला वर्ब लिहिलं होतं. "आमची आई रोज ब्युटिफुल करते," म्हणालीस. त्या दोघी हसल्या. सगळ्यात मोठ्यानं तू हसलीस.

नववीत असताना माझं लग्न लावलं आणि शाळा सुटली. वीस वर्षांनी दहावीचा सतरा नंबरचा फॉर्म भरलाय, तो काय हौस म्हणून न्हाय. पास झाले न्हाय, तर बालवाडीत मी जन्मभर आयाच राहणार. हे तुला ठाऊक हाय की! तुला 'ग' लिहायला महिना लागला होता. मी कुणाला सांगून हसले नव्हते.

तुम्ही फिरायला गेल्यावर तुझे बाबा शिरोलीहून कामावरनं आले आणि पुस्तक घेऊन बसले. त्यांना इंग्रजी वाचता येत न्हाय. तरी तासभर, मी म्हणेन त्यावर "बरोबर, पुढं" म्हणत राहिले.

भाकरी आणि आमटी झाकून ठेवलीय, खा. दुपारी केंद्रावर न्यायला येणार होतीस, ते येऊ नकोस. बाबांनी रजा काढलीय. पेपर सुटल्यावर मला पहिल्यांदा त्यांनाच बघायचंय.

आई