आरशामागचं दार

मंगळवार, संध्याकाळ. नालासोपारा.

ते दार डोळ्यांसमोरून जात नाही. ज्या कंपनीच्या नावानं आम्ही जिम काढतोय, तिच्या नकाशात भिंतभर आरसा आहे, म्हणून कंत्राटदार म्हात्रेंनी आमच्या नव्या जिमचं मागचं दारच आरशाआड बुजवलंय. आज ‘काम पूर्ण’चा कागद सहीसाठी पुढे केला.

“आग लागली तर?”

“ताई, जिममध्ये घाम येतो, आग नाही लागत. करा सही.”

माझा नवरा नितीन म्हणाला, “अगं, रविवारी उद्घाटन आहे. कागदाशिवाय कंपनी उघडू देणार नाही.”

खरंय. पण ते दार?

तेवढ्यात वीज गेली. अंधारात आम्ही तिघंही, काम चालू असताना तिथूनच ये-जा केल्याच्या सवयीनं, त्या दाराकडेच वळलो. म्हात्रे पुढे होते, काचेवर आपटले.

दिवे आले. कपाळ चोळत म्हणाले, “करा सही.”

नितीननं माझ्या हातातलं पेन घेतलं. केली.